रेडकाचं काय होतं? (मांस आणि दूध सोडण्यामागची नैतिक कारणं)

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

कोल्हापुरात 'मी मटण खात नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माळ घातलीस, की डॉक्टरनं बंद केलंय? याशिवाय तिसरं काही कारण असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझं कारण तिसरं आहे, आणि त्या कारणानं मला मटणावर थांबू दिलं नाही. अंडीही सुटली, दूधही सुटलं. लग्नाच्या पंगतीत उभ्याउभ्या हे सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. सात्त्विक-तामसी, सोवळं-ओवळं, 'आमच्यात चालत नाही', यातलं मला काहीही म्हणायचं नाही. मटण खाणारा माणूस कमी दर्जाचा हे मला अजिबात मान्य नाही. मी वाढले त्या घरात रविवारी तांबडा-पांढरा होतोच, आणि ती माझी माणसं आहेत. मला बोलायचंय ते मारल्या जाणाऱ्या जनावराबद्दल.

जनावराला दुखतं, ते घाबरतं आणि त्याला जगायचं असतं. ज्याच्या दारात जनावर आहे त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, सोयाबीन, भाजीपाला एवढं हाताशी असताना त्याला न मारताही आपलं पोट भरतं. मग उरतं ते चवीचं आणि सवयीचं कारण. तेवढ्यासाठी जीव घ्यावा का? मी कितीही बाजूंनी विचार केला तरी मला 'नाही' असंच उत्तर येतं.

चिकनचं बघा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो आणि तेव्हाच कापला जातो. अंगानं कोंबडी, वयानं पिल्लू. दुकानापुढच्या जाळीशी क्षणभर थांबून ऐकलंत तर आवाजही पिल्लाचाच बारीक येतो. त्यांची वाढ इतकी झपाट्यानं करून घेतलेली असते की बऱ्याच जणांच्या पायांना स्वतःचं वजन पेलत नाही. म्हणून त्या जाळीत बहुतेक बसलेलेच दिसतात.

अंड्याची कोंबडी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिंजऱ्यात असते. तिला एका ए-फोर कागदाएवढीही जागा मिळत नाही, पंख पसरायचा प्रश्नच येत नाही. त्या जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं 2022 पासून या प्रकारावर बंदी घातली. युरोपीय संघानं जुन्या पद्धतीचे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानंही 2017 मध्ये 269 व्या अहवालात या कोंबड्यांना कसं ठेवावं, कसं न्यावं याचे नियम सुचवले आहेत.

आता दूध. हे बोलणं कोल्हापूरकराला सगळ्यात जड जातं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध उभ्यानं प्यायचं, हे आपल्या शहराचं वैभव. पण म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. दहा महिने पोटात वाढवून ती विते, आणि जन्मलेल्या रेडकांत निम्मे नर असतात. 2019 च्या पशुगणनेत देशात जवळपास 11 कोटी म्हैसवर्गीय जनावरं मोजली गेली. त्यांत माद्या 10 कोटींच्या वर आणि नर एक कोटीच्याही आत. जन्मताना निम्मे असलेले पुढं कुठं गेले?

ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम राहिलं नाही. महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्यातली दुरुस्ती 2015 मध्ये लागू झाली आणि गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि ते मांस वेगळ्या कुठल्या कळपातून येत नाही. ज्या म्हशीचं दूध आपण पितो तिचं पोर, आणि आटल्यावर ती स्वतः, त्यातच जातात. दूध पिऊन मी हिंसेपासून लांब आहे असं मला म्हणता येत नाही ते यामुळं.

गोठेवाल्यांनी इथं लिहावं अशी फार इच्छा आहे. मतभेद असू देत, पण बोलणं जनावराबद्दल होऊ दे.

पेठेतला_पैलवान

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही. मी तालमीत वाढलो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा आमचा खुराक. वस्तादांनी तोच सांगितला आणि त्यांच्या वस्तादांनी त्यांना. तुम्ही चवीचं कारण म्हणता ते घरच्या माणसाला लागू पडेल, आमच्यासाठी तो ताकदीचा प्रश्न आहे. यावर काय? आणि जीव तर झाडालाही असतो की.

रंकाळाकाठ

दादा, कुस्तीतलं मला कळत नाही, त्यामुळं वस्तादांना उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. प्रथिनांचं मात्र सांगते. कोरड्या सोया चंक्समध्ये शंभर ग्रॅमला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25 च्या आसपास, हरभऱ्यात 20 च्या आसपास. दूध सुटलं की कॅल्शियमचं काय, असं सगळे विचारतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. ते सगळं अंगी लागत नाही, तरी नाचणी कमी पडत नाही.

झाडाचं म्हणाल तर झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. कोथिंबीर खुडताना आणि बकरं कापताना आपल्या हाताला एकच वाटतं असं कुणी म्हणेल असं मला वाटत नाही. तरीही झाडांचाच कळवळा असेल, तर जनावर वाढवायला जेवढा मका, पेंड, चारा लागतो त्यापेक्षा थेट धान्य खाण्यात झाडंही कमी जातात.

बिरदेवमाळ

मी कागल तालुक्यातला. दोन म्हशी, एक गाय, दीड एकर ऊस. उसाचं बिल येतंय ते सोसायटीच्या कर्जात जातंय. घर चालतं दर दहा दिवसाच्या दूध बिलावर. दवाखाना, पोरांची फी, किराणा सगळं त्यातनं. दिवाळीला दूध फरक मिळतोय त्यात कापडं होतात. आणि हे बिल बहुतेक घरांत बाईच्या हातात येतं, उसाचं येत न्हाई. त्यामुळं 'दूध सोडा' असं वाचलं की छातीत धस्स होतंय.

पण ताईंनी विचारलंय, तर खरं ते सांगतो. म्हस व्याली की आधी वाकून बघतात काय झालं. रेडी झाली तर घरात आनंद. नर झाला तर कोण काय बोलत न्हाई. चीक पाजतो. पहिलं काही दिवस सडाला सोडतो, कारण त्याशिवाय म्हस पान्हा सोडत न्हाई. पुढं नुसतं तोंड लावायचं, पान्हा आला की वढून बाजूला बांधायचं. ते दावं ताणून तिथंच उभं असतंय. आपण धार काढत असतो आणि त्याचं वलं नाक आपल्या पाठीला लागत असतंय. म्हस मान वळवून त्याच्याकडं बघते.

दोन लिटर दूध त्यानं पिलं तर लिटरला पन्नासच्या पुढं धरून रोजचं शंभर रुपये. महिन्याला तीन हजार. पेंड, सरकी महाग. वाडं (उसाचे शेंडे) मिळतं ते गळीत हंगामापुरतं. म्हणून दूध तुटतं. एवढ्या लहान वयात वैरण पचत न्हाई, हगवण लागते, अंगावरची कातडी लोंबायला लागते. कुणी मारत न्हाई, पण मरतंय. जगलंच तर व्यापारी येतो आणि मिळेल त्या पैशात टेम्पोत घालून नेतो. कुठं नेतो ते सगळ्यास्नी माहीत हाय, इचारत कुणी न्हाई.

मात्र आमचं जनावरावर प्रेम न्हाई असं कुणी म्हणू नये. 2019 च्या पुरात चिखली-आंबेवाडीतली माणसं जनावरं सोडून बोटीत बसायला तयार नव्हती. पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून रस्त्यावर आणतात तेव्हा म्हस मालकाच्या मोटारसायकलमागं हाकेसरशी पळत सुटते. ही ओळख पैशानं येत न्हाई. त्याच गोठ्यात रेडकू मरतंय. दोन्ही खरं हाय.

रंकाळाकाठ

दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. एवढं खरं लिहायला धीर लागतो.

माझं बोट तुमच्याकडे नाही. आम्ही शहरात लिटरमागं जे पैसे देतो त्यात रेडकाचा वाटा धरलेलाच नसतो. तो धरायचा तर दूध आम्हाला परवडणार नाही. दूध स्वस्त राहतं ते आईचं दूध पोराला न मिळाल्यामुळं, आणि ही उपासमार घडवून आणायचं काम मात्र आम्ही तुमच्या हातावर ढकललंय. दुधाचा हा हिशेब डोळ्यांसमोर आला की पेला उचलता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दहा दिवसांच्या बिलाला पर्याय उभा न करता 'गोठे बंद करा' म्हणणं हा दुसरा अन्याय होईल, हेही मान्य. पण त्या बिलाची गरज आहे म्हणून रेडकाचं दुखणं कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायला हव्यात.

विद्रोही_वाट

धागाकर्तीनं पावित्र्याचा मुद्दा सुरुवातीलाच बाजूला ठेवला म्हणून लिहितोय, नाहीतर अशा चर्चांत मी पडत नाही.

आमच्यासाठी 'शाकाहारी' म्हणजे बंद झालेलं दार. भाड्यानं खोली बघायला गेलं की आडनावाआधी 'नॉनव्हेज खाता का' विचारतात, आणि विचारायचं असतं ते आडनावच. शाळेच्या पोषण आहारात अंडं द्यायचं म्हटलं की विरोध करायला उभी राहतात ती दूध-तूप-पनीर खाणारी घरं, ज्यांची मुलं त्या शाळेत जातच नाहीत. मेलेलं जनावर ओढण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर होती, त्यांनाच 'हिंसक' म्हणायचं, हे राजर्षी शाहूंच्या गावात तरी चालू नये.

म्हणून दुधाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जनावराच्या वेदनेपासून सुरुवात केली तर पहिला प्रश्न तूप-पोळी खाणाऱ्याला विचारावा लागतो. आजवर तो प्रश्न फक्त आम्हाला विचारला गेला. मी मांस सोडलेलं नाही. पण हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि त्यावर मी विचार करणार आहे.

रंकाळाकाठ

दादा, खोली नाकारणं ही माणसावरची हिंसा आहे. जनावराच्या दयेच्या नावाखाली ती करणाऱ्याशी माझं काही नातं नाही. पोषण आहारातल्या अंड्याबद्दलही सांगते: ज्या पोराला दुपारी शाळेत मिळतं तेवढंच धड जेवण, त्याच्या ताटातलं अंडं काढून माझ्या तत्त्वाची सुरुवात मी करणार नाही. सुरुवात त्यांच्यापासून व्हावी ज्यांना निवडीला जागा आहे. माझ्यापासून.

शिरोळची_स्मिता

आम्ही जैन. घरात कांदा-लसूण जपून, पर्युषणात तर हिरवी भाजीही नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालायला लहानपणी शिकवलेलं. आणि याच घरात तूप डब्यानं येतं. अहिंसेचा एवढा बारीक विचार करणाऱ्या परंपरेत दुधावर आज बोलणं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पूर्वी घरची गाय, घरचं वासरू, बैल औताला, अशी व्यवस्था होती, नराला शेतात जागा होती. आता ती राहिलेली नाही, तर नियमही नव्यानं तपासायला नकोत का? आमच्या पाठशाळेतल्या मुली हा प्रश्न विचारू लागल्यात आणि मोठी माणसं ऐकून घेतायत.

अजून एक. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर नांदणी मठातली महादेवी हत्तीण गुजरातमधल्या वनतारा प्राणी केंद्रात गेली, तेव्हा आमच्या भागात घराघरांत चूल पेटली नव्हती म्हणावं इतकं दुःख होतं. नंतर मोर्चात किती माणसं चालली ते सगळ्यांनी पाहिलं. तिनं कुठं राहावं यावर मतं वेगवेगळी आहेत आणि तो वाद इथं नकोच. मला एवढंच दिसलं की एका जनावरासाठी आमचा जिल्हा रडू शकतो. तो जिव्हाळा खरा होता. त्यातला थोडा दावणीच्या रेडकापर्यंत पोचावा.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्यक म्हणून काही भर घालतो. बिरदेवमाळ यांनी वर्णन केलंय ते माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे. नर रेडकू आजारी पडलं तर बोलावणं उशिरा येतं किंवा येतच नाही, कारण औषधाचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादीच व्हावी म्हणून निवडलेलं, कृत्रिम रेतनाचं वीर्य) आता मिळतात. त्यांतून साधारण दहात नऊ माद्या होतात, त्यामुळं टाकून दिले जाणारे नर कमी होतील. दूध पिणारे लोक बंद होईपर्यंत थांबण्यापेक्षा हे आज करता येतं, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो. पण भाकड म्हशीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. जनावर वीसेक वर्षं जगू शकतं, दुधात असतं त्याच्या निम्मीही नाहीत. उरलेली वर्षं तिला कुणी सांभाळायचं याचं उत्तर कुठल्याच दूध धंद्याकडे नाही.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 12 प्रमाणे गुन्हा आहे. फुंका घालणंही (पान्ह्यासाठी जनावराच्या जननमार्गात हवा फुंकणं) त्यातच येतं. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं. गाई-म्हशींचे गवळ्यांकडून असे हाल होतात हे कळणं हे त्यामागचं एक कारण होतं. पुढं मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीच्या दुधावर आले, आणि ती तडजोड त्यांना कायम सलत राहिली.

कत्तलखान्यांच्या 2001 च्या नियमांत एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं स्पष्ट म्हटलंय. रस्त्यावरच्या दुकानात हे कितपत पाळलं जातं ते तुम्हीच बघा. बांधलेलं बकरं त्या वेळी कान मागं घेतं, मुततं, दोरी तोडायला बघतं. जनावराला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यानं पाच मिनिटं तिथं उभं राहावं.

आणि कळकळीची सूचना: दूध-अंडी दोन्ही सोडणाऱ्यांनी बी-12 ची गोळी घ्यायचीच. वनस्पतीतून ते भरवशाचं मिळत नाही. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच तपासून घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय काही बदलू नका.

पेठेतला_पैलवान

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. बी-12 चं मला ठाऊक नव्हतं.

मटणदुकान_तिसरी_पिढी

आम्ही खाटीक. ही पूर्ण चर्चा वाचली, कुठं शिवीगाळ नाही म्हणून लिहितो.

आजोबा बकऱ्याच्या तोंडात पाणी घातल्याशिवाय सुरी लावत नसत. मीही तसंच करतो. आमच्या धंद्यात जनावराकडे बघायला शिकवतात, त्यामुळं डॉक्टर म्हणतात ती भीती आम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त दिसते. सवय होते असं लोक समजतात. काही जणांना होते, काहींना होत नाही. माझ्या थोरल्या पोरानं दुकानात बसायला नकार दिला, आणि मी त्याला जबरदस्ती केली नाही.

एकच मागणं. जो दर रविवारी आमच्यापुढं रांगेत उभा राहतो त्यानं आम्हाला निर्दय म्हणू नये. कापतो आम्ही, पण कापायला लावतो तो.

रंकाळाकाठ

दादा, हे मी कधीच विसरणार नाही. ज्यांनी मांस सोडलंय त्यांनीही खाटकाकडे तुच्छतेनं बघू नये. मागणी गिऱ्हाईकाची असते, म्हणून मी बोलते ती गिऱ्हाइकाशी.

टेंबलाईवाडी

माझा विरोध आहे, तो नम्रपणे मांडतो. आषाढात टेंबलाईची जत्रा असते, पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत नेतात, घरोघरी मटण होतं, पै-पाहुणे येतात. जत्रा म्हणजे नुसतं खाणं नाही. गल्लीतली अबोला धरलेली घरंसुद्धा त्या दिवशी एका पंगतीत बसतात. हे सगळं काढून टाकलं तर मागं काय राहील? परंपरा ही माणसं जोडणारी गोष्ट आहे, ती तर्कानं तोडू नये.

शिरोळची_स्मिता

दादा, तुमच्याच टेंबलाईचं उदाहरण देते. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि तिथं कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडतात. कोल्हासुराच्या वधाचा तो विधी. तुकडा मिळवायला काय झुंबड उडते ते तुम्ही पाहिलंच असेल. कोहळा आहे म्हणून विधी कमी पडला असं आजवर कुणी म्हटलं नाही. जोतिबाला तर पुरणपोळीचाच नैवेद्य. म्हणजे जीव न घेता यात्रा भरते, गुलाल उधळतो, माणसं जोडली जातात, हे आपल्याच जिल्ह्यात शेकडो वर्षं चाललंय.

आणि ज्ञानोबांच्या कथेतल्या रेड्याची पुणे जिल्ह्यातल्या आळे गावी समाधी आहे, लोक भक्तिभावानं डोकं टेकतात. रेड्याला एवढा मान देणारी आपली परंपरा आहे. तीही परंपराच.

टेंबलाईवाडी

कोहळ्याचं पटलं. मटणाच्या पंगतीचं अजून नाही. आमच्या गल्लीत हे बोललं तर कोण ऐकेल? पण विचार करतो.

आजरा_घनसाळ

पंगतीचाच विषय निघालाय तर स्वयंपाकातलं सांगते, कारण 'मग खायचं काय' यावर येऊन गाडी अडते. मिसळ बघा, मटकी, कट, फरसाण, पाव. दही बाजूला ठेवलं की त्यात जनावराचं काही नाही. झुणका-भाकर-खर्डा, आख्खा मसूर, भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी, हे तर रोजचंच.

पांढरा रस्सा करणं खरं कसबाचं. अळणीच्या (मटण शिजवलेल्या पाण्याच्या) जागी मी हरभरे शिजवलेलं पाणी घेते. हरभरे रात्री भिजवायचे, सकाळी कांदा, आलं, लसूण, तमालपत्र, दालचिनी, मिरे घालून मऊ शिजवायचे आणि पाणी गाळून घ्यायचं. त्याला दाटपणा येतो तो डाळीच्या पाण्याला येत नाही. खसखस, पांढरे तीळ आणि काजू भिजवून गंधासारखं वाटायचं. तेलात वेलदोडा, लवंग आणि सुकी मिरची तडतडवून वाटण मंद आचेवर परतायचं. लाल होऊ द्यायचं नाही, नाहीतर रंग गेला. मग ते पाणी. ओल्या नारळाचं दाट दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही, एकसारखं ढवळत राहायचं. हात थांबला की फाटलाच.

तांबड्याला भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि घरची कांदा-लसूण चटणी. फोडींसाठी हंगामात कोवळा फणस, एरवी मशरूम. फणसाच्या फोडी आधी तेलात तांबूस परतून घ्या, म्हणजे रश्श्यात विरघळत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी वाटी पुढं केली ती दोनदा भरून घेतली. सासूबाई 'मटणाची सर नाही' म्हणाल्या. तेही खरंच आहे, सर येत नाही. वेगळी चव आहे आणि चांगली आहे.

चहाचं मात्र अवघड. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की नासतं, म्हणून चहा गाळून थोडा निवल्यावर कोमट करून घालायचं.

बिरदेवमाळ

वहिनी, सोयाबीन आमच्या शेतात असतंय, ते आम्ही बाजारात घालून पेंड इकत आणतोय. दूध घरात कसं काढायचं ते लिहा. कारभारीण इचारतीय.

आजरा_घनसाळ

दादा, एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची. वाटताना उकळतं पाणी वापरायचं, त्यानं उग्र वास कमी येतो. सहा-सात वाट्या पाण्यात वाटून पंचातून गाळायचं आणि ढवळत वीसेक मिनिटं चांगलं उकळायचं. कच्चं अजिबात प्यायचं नाही, पोटाला बाधतं. उरलेला चोथा भाकरीच्या पिठात मळा, वाया घालवू नका.

चप्पललाईन

सगळं वाचलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनते. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, त्यात म्हशीचं जास्त, कारण तळ त्याचाच टिकतो. 2015 नंतर बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, कारागीर कमी झाले. दूध-मांस सोडणारे चप्पल घालतात का? घालत नसतील तर आम्ही काय करायचं?

रंकाळाकाठ

खरं सांगते, दादा. चामड्याची नवी चप्पल मी घेत नाही. आहे ती जोडी दुरुस्त करून वापरतेय, कारण ती टाकून दिल्यानं कुठलं जनावर परत येणार नाही. तुमच्या हातातली कला, ती वेणी, ती शिलाई हे राहावं असं मला फार वाटतं, आणि ते जनावराच्या कातड्यावाचून राहील का हे ठरवणं माझं काम नाही, तुमच्यासारख्या कारागिराचं आहे. कापडावर किंवा दुसऱ्या कशावर तुम्ही प्रयोग केलात तर पहिलं गिऱ्हाईक मी.

चप्पललाईन

वरचा पट्टा जाड सुती कापडाचा करता येतो, वेणी सुतळीची. अडतं ते तळाशी. रबराचा तळ लावला तर चालताना तो करकर आवाज येत नाही आणि पाय तापतो. गादीसाठी ताग दाबून बघतोय. पहिल्या पावसात टिकला तर इथं फोटो टाकतो. तुमच्या पायाचा नंबर कळवा.